वाडीचा नारळ

मंगळवार, मतदानाला चार दिवस

पाय दुखतायत. आज वरच्या वाडीत सुलभावहिनीसाठी शेवटची फेरी मारली. ग्रामपंचायतीला ती पहिल्यांदाच उभी आहे. शेवटच्या घरी पार्वतीकाकूंनी पाणी दिलं आणि हळूच सांगितलं, की वाडीनं देवळात नारळ ठेवलाय. सगळी मतं समोरच्या उमेदवाराला, असा देवाला शब्द दिलाय. मी नेहमीचं बोलले. मत गुप्त असतं, कोणाला दिलं ते कुणाला कळत नाही, तो तुमचा हक्क आहे. काकू म्हणाल्या, "माणसांना नाय कळायचं गो बाय. पण नारळ देवाफुडं हाय." मी पाणी संपवलं, भांडं परत दिलं आणि उतरायला लागले.

घरी येऊन वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "मग आपणही आपल्या खालच्या वाडीचा नारळ ठेवू." मी चिडायला हवं होतं ना? महिनाभर घरोघर हेच हक्क समजावत फिरले. पण इतकी दमले होते, की नुसतं विचारलं, "देवळात कधी जायचं?"

उद्या सकाळी सातला. नारळ मीच सोलला. शेंडी तेवढी राखली.