अक्का माझ्याशी इंग्रजीत बोलते

७ जून, रवि.
पुण्याची मंडळी आली, जेवली, गेली. मुलीचे आईवडील. श्रीकांतने बंगळूरहून आधीच बजावलं होतं, "अप्पा, होणारे व्याही आहेत, सहज बोला." सहज कसलं! त्यांच्या कोऱ्या करकरीत मराठीपुढे माझी तंजावरी तोंडातून निघेना. मग मी आपला इंग्रजीच्या आडोशाला. जन्मभर कॉलेजात तेच शिकवलं ना. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, असला आडोसा लागत नाही. "पानावर बैसा की, उशीर जाला," बिनधास्त! मुलीच्या आईला ते आवडत होतं, हे आत्ता लिहिताना कळतंय.

मग अक्काने माझ्या शाळेची गोष्ट काढली. "हा रामू इंग्रजीच्या मास्तरांना भिऊन रडायचा, मी ह्याला पाठुंगळी घेऊन..." शंभरदा उगाळलेली. मी हसत म्हटलं, "अक्का, डोन्ट फ्लॉग अ डेड हॉर्स." मेलेल्या घोड्याला किती मारशील, पुरे कर. मुलीचे वडील हसले. अक्का थांबली. ताक आणायला उठली ती परत बसलीच नाही.

८ जून, सोम.
सकाळी विचारलं, "अक्का, काफी?"
"ऑन द टेबल."
वाटलं, थट्टा. दुपारी, "लंच इज रेडी." देवळात निघताना, "आय विल बी बॅक बाय सेवन." बिनचूक. चौथीत शाळा सुटलेली बाई, आता सत्तरी उलटलेली. इंग्रजी कुठे शिकली, मी कधी विचारलं नाही. तिला समजत नाही असं धरूनच तर बोललो होतो.

१० जून, बुध.
स्पोकन इं.चा वर्ग, औषधाच्या दुकानावरची खोली. या आठवड्यात घोडे. 'होल्ड युवर हॉर्सेस', म्हणजे जरा दम धर. 'गेट ऑफ युवर हाय हॉर्स', म्हणजे फार शहाणपणा नको. शेवटी मेलेला घोडा. साडीच्या दुकानातली सेल्वी तमिळमध्ये विचारते, "सार, हे वयाने मोठ्या माणसांना म्हणायचं का?"
"छे! कधीच नाही," मी ठणकावून.
सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. लाज वाटली, फार. वर्ग लवकर सोडला.

१२ जून, शुक्र.
या घरात आम्ही दोघंच. श्रीकांतला मराठी समजते, बोलताना अडखळतो. अक्काही इंग्रजीवर आली, तर मी मराठी बोलू कुणाशी? म्हणून इथे लिहितो. ही अक्षरंसुद्धा तिनेच पाटीवर गिरवून घेतलेली. गल्लीत दुसऱ्या कुणाला येत नव्हती.
स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. "अक्का, त्या दिवशी मी..."
"नो प्रॉब्लेम," कढीपत्ता निवडत म्हणाली. मी परत फिरलो.

१४ जून, रवि.
पुण्याहून फोन. मुलीची आई. माझ्याशी दोन वाक्यं, मग, "आत्यांना द्या ना, त्यांची गोष्ट अर्धी राहिली." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अक्का झोपाळ्यावर बसून अर्धा तास बोलली. मराठीत. मी आतून ऐकत होतो. त्या गोष्टीचा शेवट मला ठाऊकच नव्हता. दर वेळी मध्येच तोडायचो ना.

"मी निघाले की हा रडे. मग मास्तर मजला म्हटले, तू खिडकीबाहेर बैस. दोन वर्षें बैसले. माझी शाळा तेव्हांच सुटली. इंग्लीष मात्र ह्याच्या आधी मला आलं!" आणि खळखळून हसली.

फोन ठेवल्यावर मी तिच्या पायाशी जाऊन बसलो. "अक्का, चुकलं माझं. मराठीत बोल ना माझ्याशी."

ती चष्मा पुसू लागली.

"होल्ड युवर हॉर्सेस, रामू."

तोंड खिडकीकडे होतं. हसली की नाही, मला दिसलं नाही.