बारवेतला अंगदस

१ मार्च, शनिवार. सकाळी ७.
शेतातल्या बारवेत मोटार अडकली म्हणून काल शेवटच्या पायरीपर्यंत उतरलो आणि शोध लागला. बोटाच्या पेराएवढे मासे. शेपटीवर केशरी ठिपका. छप्पन्न वर्षांत असा मासा पाहिला नाही. अर्थात त्या पायरीवर मी आयुष्यात दुसऱ्यांदाच उतरलो. पहिल्यांदा कधी ते आठवत नाही, काहीतरी कार्यक्रम होता.
एकूण नग चौदा. म्हणजे जगात चौदाच.
गावात शाळेच्या भिंतीवर कुणाचं ना कुणाचं नाव आहे, सभामंडपावर आहे, पाण्याच्या टाकीवर आहे, स्मशानातल्या शेडवरसुद्धा आहे. माझं कुठेच नाही. पाच वर्षं उपसरपंच होतो, पण कोनशिलेवर उपसरपंचाचं नाव घालत नाहीत. पुढे सरपंचपदाला उभा राहिलो, तर रामेश्वरने अकरा मतांनी पाडलं. हे मला अजून लागतं. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.
ठरलं. हा मासा वाचवायचा. त्याला माझं नाव द्यायचं. उद्यापासून रोज पहाटे पाचला उठून मोजणी.

२ मार्च, रविवार. सकाळी ९.१५.
आठला उठलो. मासेही उशिराच वर येतात असं निरीक्षण आहे.
सटवा शेळ्यांना पाणी पाजायला आला होता. त्याच्या तीन पिढ्या आमच्या बारवेवर पाणी पाजतात, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज. मी केशरी ठिपका दाखवला. तो म्हणाला, हे बारके आत्ताआत्ताचे आहेत, तळाला मिशावाले आहेत ते खरे जुने. मिशाळ म्हणतात त्यांना. मी पाहिले. चिखलाच्या रंगाचे, तोंड खाली, मिशा लोंबलेल्या. फोटोत काय दिसणार?
सटवाला शास्त्र समजावून सांगितलं. तो मधेच शेळीमागे पळाला.

४ मार्च, मंगळवार.
बीडच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या धनश्री मॅडम आहेत, त्यांना फोन केला. त्यांनी फोटो मागितले. सतरा पाठवले. सातांत माझा अंगठा आलाय, नवांत मी स्वतः. शोधक दिसायला हवा. मॅडमनी विचारलं, बारवेत आणखी कोणते मासे आहेत? सांगितलं, सांगण्यासारखं काही नाही.
लॅटिन नाव लागतं म्हणे. शेवटी स लावला की लॅटिन होतं. अंगदस.

९ मार्च, रविवार.
आज शास्त्राला हादरा दिला. बायकोची, म्हणजे विजयमालाची, लोणच्याची बरणी रिकामी होती (आता रिकामी आहे), तिच्यात दोन अंगदस ठेवले होते. मादीने माझ्यादेखत थेट पिल्लं दिली. अंडं नाहीच. विजयमालाला आनंदाने सांगितलं की आपल्या घरात अंडं चालत नाही तसं याच्याही घरात चालत नाही, हा जगातला पहिला शाकाहारी मासा. तिने एवढंच विचारलं की लोणचं कुठंय.

१३ मार्च, गुरुवार. होळी.
मोजणी: साठ. बारा दिवसांत चौदाचे साठ. वाघ वाचवायला सरकारला पन्नास वर्षं लागली. संवर्धन कसं करावं यावर पुस्तिका लिहायला घेतली. शीर्षक झालं.

१६ मार्च, रविवार.
घातपात. एक मिशाळ तळाशी तोंड हलवत होता. म्हणजे काहीतरी खात होता. तिथे माझ्या माशांशिवाय खायला आहे काय?
सटवाला सांगितलं, सगळे मिशाळ बाहेर काढ. तो तयार होईना. म्हणाला, आई रागावेल. त्याची आई ताराबाई ऐंशीच्या पुढची, तिचं म्हणणं असं की मिशाळ आहेत म्हणून बारवेचं पाणी गोड आहे. मी म्हटलं, अभयारण्यात गुन्हेगार चालत नाहीत. खा, विक, काय वाटेल ते कर. दिवसभर सूप आणि लुगड्याचं फडकं घेऊन त्याने दोन बादल्या भरल्या. नग तेवीस. बादल्या फडक्याने झाकून तो निघून गेला.
बारव स्वच्छ झाली. पाण्याला थोडा वास येतो. उन्हाचा असेल.

३० मार्च, रविवार. पाडवा.
भयंकर. उमापूरला गेलो होतो. बाजाराच्या कडेच्या नालीत अंगदस. केशरी ठिपक्यासकट. पंधरावीस तरी असतील.
तस्करी. दुसरं काय? सटवावर संशय आहे, पण त्याच्याकडे बादल्या दोनच आहेत.

५ एप्रिल, शनिवार.
केजला साडूच्या मुलीच्या साखरपुड्याला निघालो होतो. मांजरसुंब्याला ढाब्यावर चहाला थांबलो. हात धुवायच्या हौदात अंगदस. वेटरला विचारलं, कुठून आणले? म्हणाला, असतेतच. ढाब्यावरची माणसं तोंड उघडत नाहीत, टोळी मोठी असणार.
विजयमाला म्हणाली, नालीत आहे, हौदात आहे, मग दुर्मिळ कसा? तस्करीचं जाळं किती पसरलंय याची तिला कल्पना नाही.

१९ एप्रिल, शनिवार.
मोजणी बंद केली. अडीचशेच्या पुढे हलत्या गोष्टी मोजता येत नाहीत. पाणी चार पायऱ्या खाली गेलंय. वास वाढला. शेळ्या पाणी हुंगून परत जातात. शेळ्यांना संवर्धनातलं काय कळतं?
गेवराईहून पाटी रंगवून आणली. पत्र्याची, चार बाय तीन. ‘अंगदस मत्स्य अभयारण्य. संस्थापक, संरक्षक व शोधक : अंगदराव.’ लाल अक्षरं. दहा वेळा वाचली. विजयमाला झोपली असं वाटून अकराव्यांदा मोठ्याने वाचली. ती जागी होती.

२५ एप्रिल, शुक्रवार.
धनश्री मॅडम एक मेला येतो म्हणाल्या. स्वतःहून. माझ्या एका फोटोत त्यांना काहीतरी महत्त्वाचं दिसलंय. काय ते फोनवर बोलल्या नाहीत. मी विचारलं नाही, मला माहीत आहे. भाषण पाठ करतोय.

१ मे, गुरुवार. दुपारी ३.
लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.
झेंडावंदन उरकून सगळं गाव बारवेवर. सरपंच रामेश्वर (अकरा मतं) आला. आरोग्य उपकेंद्राच्या संगीता सिस्टर आल्या. मी पाटीवरचं फडकं ओढलं. टाळ्या पडल्या. त्या मात्र पडल्या, हे नोंदवून ठेवतो.
मग संगीता सिस्टर पाण्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, “काका, हे तर आपले गप्पी. डासाच्या अळ्या खायला सोडलेले. तीन वर्षांमागं तुमच्याच हातानं सोडले की.”
मोबाइलमध्ये फोटो होता. मी सफारीत, शेवटच्या पायरीवर, हातात मडकं. मडक्यातून मासे पडताहेत आणि मी कॅमेऱ्याकडे बघतोय. त्या दिवशी मडक्यात काय आहे हे मी बघितलंच नव्हतं. फोटो चांगला आलाय.
रामेश्वर खाली बसून हसला.
मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की गप्पी परदेशातून आलेला, नालीतसुद्धा जगतो आणि दुसऱ्या माशांची पिल्लं खातो. मग त्यांनी मी चार मार्चला पाठवलेला एक फोटो मोबाइलवर दाखवला. माझा अंगठा, आणि अंगठ्यामागे तळाशी एक मिशाळ. या भागातल्या जुन्या बारवांत हा मासा पूर्वी असायचा, म्हणाल्या. सहा वर्षं त्या तो शोधताहेत. अकरा बारवा पालथ्या घातल्या, एकही मिळाला नाही. तुमच्याकडे आहे म्हणून आले.
कुठे आहे, असं त्यांनी विचारलं.
मला खोकला आला. बराच वेळ आला.

१ मे. संध्याकाळी ६.
मीच काढायला लावले, हे शेवटी सांगितलं.  मॅडम पायरीवर बसून राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
लाज वाटते. दुसरा शब्द सापडत नाही.

२ मे, शुक्रवार.
मॅडमना घेऊन सटवाकडे गेलो. विषय काढणं अवघड, म्हणून आधी शेळ्यांच्या तब्येतीवर बोललो. अर्धा तास. ताराबाई बाजेवर बसली होती. शेवटी तीच म्हणाली, मिशाळाचं इचारायला आलास नव्हं?
मी मान हलवली. म्हटलं, खाल्ले असतील.
“कावून खायचे?” ताराबाई म्हणाली. “बारवेची लेकरं हायेत ती. हाळात सोडलेत. तुझं डोस्कं थंड झालं की न्यायची व्हती परत.”
गोठ्यामागे जनावरांच्या पाण्याचा दगडी हाळ आहे. त्यात एकोणीस मिशाळ. चार बगळ्याने नेले. आणि दगडाच्या फटीत, सुतासारख्या मिशा असलेली बारकी बारा. मॅडम हाळाच्या कडेला गुडघ्यावर बसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही. मी ते उन्हावर ढकललं. सटवाने माझ्याकडे पाहिलं आणि चहा सांगितला.
या माशाला अजून नाव नसेल तर, असं मी परतताना सहज सुचवलं. मॅडम म्हणाल्या, नाव शंभर वर्षांपूर्वीच ठेवलंय. मासाच उरला नव्हता.

११ मे, रविवार.
पहाटे पाचला उठलो. खरंच. बारवेतून गप्पी काढायचेत. सगळे निघाले की मिशाळ परत. सटवाने त्याच्या दोन बादल्या दिल्या आणि सूप कसं धरायचं ते दाखवलं. आज चारशे काढले. संध्याकाळी पाहिलं तर तेवढेच होते. माझं संवर्धन फार पक्कं झालंय.
काढलेले गप्पी संगीता सिस्टर बंद टाक्यांसाठी नेतात.

१८ मे, रविवार. सकाळी १०.
बगळा पुन्हा आला होता. हाळाला झाकण हवं, असं ताराबाई म्हणाली. सटवाने गावभर शोधलं. चार बाय तीनचा पत्रा एकच निघाला.
पाटी हाळावर अगदी मापात बसली. फक्त उलटी. मी म्हटलं, अक्षरं वर ठेव. सटवा म्हणाला, रंग वर आला की शेळ्या चाटतेत. ‘संस्थापक’ त्यांनी अर्धा चाटलाच आहे. म्हणून माझं नाव खाली, माशांच्या बाजूला.
पत्रा थोडा सरकवून मॅडमसाठी फोटो काढला. एकच. एकोणीस मोठे, बारा बारके. अंगठा नाही, मी नाही. मॅडमचं लगेच उत्तर आलं की फार सुंदर फोटो आहे, पण पाण्यात ती लाल अक्षरं कसली दिसताहेत?
 मी लिहिलं, शेवाळ असेल.