बाबांचा कॉम्प्युटर पुन्हा गेला

४ मार्च, सोमवार
गेला! ऐन वाक्यात गेला! घशाच्या ऑपरेशननंतर बाबांचा आवाज म्हणजे हा डबाच. ते टाइप करतात, तो बोलतो. दुसऱ्या ऑपरेशनचं विचारलं, तर 'डॉक्टरांना सांग की' एवढं बोलला आणि स्क्रीन काळी. मग म्हणे अपडेट चालू आहे, बंद करू नका. मेल्या, आत्ताच?

शुक्रवारी डॉक्टरांना हो की नाही ते सांगायचंय. पेशंटनेच सांगायचं, असं ते म्हणालेत. बाबांचा हात कापतो, अक्षर लागत नाही. नुसती मान हलवा म्हटलं तर परवा टाइप केलं — 'मी नंदीबैल नाही.' मग सांगणार कशाने, कपाळाने?

५ मार्च
दादाला फोन केला. तो टपूनच बसला होता! 'विकतची सिस्टीम म्हणजे आपल्या घरात दुसऱ्याचा हुकूम. ओपन सोर्स टाक. आपण म्हणू तेव्हाच अपडेट.' मी म्हटलं, फुकटच्या वस्तूला वाली कोण? बिघडली तर कोणाच्या नावाने बोंबलायचं? फोन आपटला. मीच.

६ मार्च, बुधवार
दादा जुना लॅपटॉप घेऊन हजर. त्यात त्याची लाडकी ओपन सोर्स. जेवायच्या टेबलावर आता दोन कॉम्प्युटर, मध्ये बाबा. पटकन सुरू होतो, हे मान्य. आवाज मात्र पत्र्याचा. पहिलंच वाक्य — 'चहा कोणी टाकतंय का, की नुसतं भांडताय?' आम्ही पोट धरून हसलो. किती दिवसांनी!

मग दादाने हळूच विचारलं, 'बाबा, ऑपरेशनचं काय ठरवलंत?' बाबांनी की-बोर्ड जवळ ओढला. दादा चार्जर शोधायला उठला, मी चहाकडे. परत येतो तर लॅपटॉप ठप्प! दादाचा चेहरा पडला. मी कसली सोडते! 'घे तुझी ओपन सोर्स!' मग जे जुंपलं ते जुंपलं. बाबा डोळे मिटून बसले होते.

७ मार्च
जिवाला चैन नाही. भात करपला. उद्या काय होणार? रिपेअरवाल्याला बोलावलं. त्याने दोन्ही उघडून पाहिले. 'ताई, दोन्ही ठणठणीत आहेत.' ठणठणीत म्हणे! त्याच्यासमोर बरे शहाण्यासारखे चालले. उद्या दोन्ही बरोबर नेणार. एक गेला तर दुसरा.

मला बाबा हवेत. बस्स. त्यांनी हो म्हणायलाच हवं.

८ मार्च, शुक्रवार
निघताना विचारलं, 'बाबा, हो म्हणायचं ना?' मी चप्पल घालायला दाराशी गेले आणि सहज मागे पाहिलं. बाबांनी विकतच्याचं बटण दाबून धरलं, स्क्रीन काळी होईपर्यंत. मग दादाच्या लॅपटॉपचं. मी वळलेय हे दिसल्यावर दोन्ही हात वर केले — गेला बघ पुन्हा!

'जाऊ दे मेला,' म्हटलं आणि त्यांच्या शेजारी बसले. मग दादाला फोन केला. गाडी आणू नकोस. बाबा सोमवारपासून नाही म्हणतायत.