हनुवटीवरचे तीन ठिपके

पाचपावली, नागपूर
१८ जानेवारी

प्रिय यमुताई,

पुष्पीचा नमस्कार. तू रामटेकहून पाठवलेला नवा तांदूळ पोचला, भात मऊसूत होतो. प्रज्वलच्या लग्नाची खरेदी आटोपत आली. आपण रोज फोनवर बोलतो, तरी हे पत्र. कारण काही गोष्टी माझ्या तोंडातून निघत नाहीत.

आधी तुझे आभार. माझ्या हृदयाचा वाल्व्ह बदलल्यापासून तू रोज संध्याकाळी विचारतेस, "गोळी घेतली काय वं?" मी किती वैतागायची! पण त्या दिवशी "घेतली" असं खोटं सांगता आलं नाही. रक्त पातळ ठेवायची ती गोळी मी दोन-तीन दिवस बंद ठेवली होती, उपास धरावा तशी. तू कडाडलीस, "डाक्टरले विचारलं काय? वाल्व्ह काय शोभेले बसवला? लाव आत्ताच्या आत्ता फोन!"

लावला. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, मनाने गोळी सोडली तर वाल्व्हवर रक्ताची गाठ धरते, जिवावर बेततं. लगेच बोलावून रक्त तपासलं, गोळी सुरू करून दिली. आज मी धडधाकट आहे ती तुझ्यामुळे.

दाढ काढायची म्हणून गोळी सोडली, असं मी तुला सांगितलं होतं. दाढ बरी आहे. मला लेझरने हनुवटीवरचं गोंदण काढायचं होतं. रक्त येईल, चेहरा काळानिळा पडेल, या भीतीने गोळी सोडली, आणि कातडीच्या डॉक्टरांना गोळीचं बोललेच नाही. नंतर दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलले. रिपोर्ट ठीक आल्यावर, गोळी चालू ठेवूनच, आधी एका ठिपक्यावर करून पाहिलं. थोडं निळं पडलं, ओसरलं. मग बाकीचे दोन.

मला कोणी काही म्हणालं नव्हतं. लग्नाच्या फोटोत नवरदेवाची आई गावंढळ दिसेल, हे माझंच खूळ.

पण ताई, तेच तीन ठिपके तुझ्याही हनुवटीवर आहेत. जत्रेत हरवलो तरी बहिणी म्हणून ओळखू यावं, म्हणून आईने दोघींना सारखं गोंदवलं. तू माझा हात धरून "रडू नको वं" म्हणत स्वतःच रडत होतीस. ते मी पुसायला निघाले, हे तुला कसं सांगणार? म्हणून दाढ पुढे केली.

आता ठिपके फिके झालेत. डॉक्टरांनी आणखी खेपा सांगितल्या आहेत. मी जाणार नाही. फोटोच्या वेळी माझ्याजवळच उभी राहा. आणि पदर हनुवटीवर ओढू नकोस.

पुसट झालेली, पण ओळखू येणारी,
तुझी पुष्पी