घरचीच मुलगी

ब्योब्लिंगेन, ५ सप्टेंबर २०२४

ती. बाबा यांस,
सा. सलाम वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि कानाला मशीन लावायचं नाही हा तुमचा हट्ट, म्हणून हा कागद. नव्या घरात सामान लागलं. स्वयंपाकघर एवढं मोठं आहे की तुम्ही आत उभं राहून प्रार्थना चालवाल. प्रभूने भरभरून दिलं आहे.

६ ऑक्टोबरला इथल्या आपल्या मराठी मंडळीचा कापणीचा सण आहे. उपदेश यांच्याकडे आला आहे. ऑफिसात शंभर माणसांपुढे बोलतात, पण इथे दोन ओळीही सुचत नाहीत. तुम्ही जन्मभर उपदेश केलेत, तुम्हीच लिहून पाठवाल का?

आमच्या ध्रुवला सांभाळायला तुम्ही पाठवलेली प्रभा छान रुळली. ध्रुव तिच्याशी जर्मनमध्येच भांडतो. तिच्या करारात कामाचे दिवसाला सहा तास लिहिले आहेत, पण घरच्याच मुलीचे तास कोण बघत बसणार?

तुमची,
ऊर्मिला

———

नगर, १८ सप्टेंबर

चि. सौ. ऊर्मिला हिस अनेक आशीर्वाद.

उपदेश सोबत आहे. आमोस संदेष्ट्यावर लिहिला. तो मेंढरं राखणारा माणूस, पण राजाच्या पवित्रस्थानात जाऊन बोलला की सण जोरात आहेत, गाणी सुरेल आहेत, माणसं मऊ बिछान्यांवर लोळतात आणि वेशीत गरिबाला न्याय नाही. असली गाणी देवाला नकोत. पद्माकररावांना सांग, हे सावकाश वाचा. माणसं जरा अस्वस्थ झाली तर घाबरू नका.

प्रभाची आई कुंदाबाई रविवारी भेटल्या. प्रभाने ऑक्टोबरची भाषेची परीक्षा दिली की तिथल्या हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला एप्रिलपासून जागा आहे, असं म्हणत होत्या. माझ्या शब्दावर त्यांनी एकुलती पोर पाठवली. तिच्या अभ्यासाकडे लक्ष ठेव.

तुझा,
बाबा

———

ब्योब्लिंगेन, ७ ऑक्टोबर

ती. बाबा यांस, सा. सलाम.

उपदेश फार गाजला! श्रीमंतीने माणूस बधिर होतो या भागाला तर दोघीतिघींनी डोळे पुसले. वाल्डॉर्फहून आलेल्यांनी यांच्याकडे कागदाची प्रत मागितली. उपदेश सासऱ्यांचा आहे, हे सांगायचं मात्र हे विसरले. त्यावरून मी त्यांना दिवसभर छळलं.

नंतर चाळीस माणसं आपल्याकडे जेवायला होती. प्रभाने शुक्रवारपासून कंबर कसली होती. पुरणपोळ्या तर अशा, की लोक डबे भरून घेऊन गेले. तिची ती परीक्षा नेमकी शनिवारी आली होती. मी म्हटलं, पुढच्या वेळी दे, परीक्षा काय पळून जाते? लगेच पुरण वाटायला गेली. गुणाची पोर आहे. रविवारी सकाळी भात राहिला होता म्हणून उपासनेला येता आलं नाही, एवढंच.

तुमची,
ऊर्मिला

———

नगर, २४ ऑक्टोबर

चि. ऊर्मिला,

कुंदाबाई काल प्रभाचं पत्र घेऊन आल्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. तिने तक्रार कसलीच केलेली नाही. एवढंच लिहिलं आहे की परीक्षा हुकली, एप्रिलची जागा दुसऱ्या मुलीला गेली, आणि आईने वाईट वाटून घेऊ नये. जुलैपासून ती भाषेच्या वर्गाला जेमतेम चारदा गेली आहे.

तुला रागावणार होतो. पण मग लतिका आठवली. वसतिगृहातली, आपल्याकडे भांडी घासायला येणारी. तुझ्या आईच्या आजारपणात तिची सातवी बुडाली. मी त्याच घरात बसून आमोसावर उपदेश लिहीत होतो, आणि तीही घरचीच आहे असं सगळ्यांना सांगत होतो. हे तू माझ्याकडूनच शिकलीस. मला लाज वाटते.

हे पत्र पद्माकररावांना वाचून दाखव. प्रभाला काय हवं ते तिलाच विचार.

बाबा

———

ब्योब्लिंगेन, १५ नोव्हेंबर

ती. बाबा यांस, सा. सलाम.

पत्र वाचून दाखवलं. हे आधी चिडले, म्हणाले की तिला स्वतंत्र खोली दिली, कोट घेतला, आणखी काय करायचं? मग करार काढून तिच्या तासांची बेरीज करत बसले.

प्रभाला समोर बसवून माफी मागितली. जानेवारीच्या परीक्षेला तिचं नाव घातलं आहे. पास झाली तर हॉस्पिटलवाले पुढच्या ऑक्टोबरला विचार करू म्हणतात, नक्की काही नाही. इथेच राहा, रोज वर्गाला जा, स्वयंपाकघरात पाऊलही टाकू नकोस, असं मी म्हटलं. तुला मुलगीच मानते, असंही म्हणाले.

तिने मान हलवली. मग हळूच म्हणाली की हेर्त्सोगेनआउराख गावात अशाच कामासाठी एक जर्मन कुटुंब तिने शोधलं आहे. ते तिला मुलगी मानणार नाहीत, म्हणून तिला अभ्यास करता येईल.

काल हे तिला गाडीने सोडून आले. कुंदाबाईंना तुम्हीच सांगा, माझी हिंमत होत नाही. तुमचा लोभ उरला असेल तर चार ओळी लिहा.

ऊर्मिला