टाकीतला डबा

४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आपण फोनवर बोलायला लागलो की तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला तू फोन आपटतोस. म्हणून आईच्या हुकमावरून हे पत्र. पत्र आपटलंस तरी आवाज होत नाही.

वहिनीकडून कळलं की तू बाबांच्या गाडीचा कार्ब्युरेटर काढून तिला इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवतो आहेस आणि त्यासाठी पेट्रोलची टाकी कापणार आहेस. कुणाला विचारलंस? गाडी सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे, असं बाबा सांगून गेले. सहा महिन्यांचा पाहुणा यजमानाच्या घराच्या भिंती पाडत नाही. चाळीस वर्षं ती गाडी थंडीत खोकली, गरमीत रुसली, पण घरी परत आली. तू निवृत्त झाल्याला तीन वर्षं झाली. कंपनीतली यंत्रं सुटली तुझ्या तावडीतून, आता गाडी सापडली!

मला गाडीची हौस नाही, गरज आहे. कमरेचं हाड मोडल्यापासून आईला बसता येतं ते फक्त याच गाडीत. सीट उंच, दार रुंद. टॅक्सीत तिला घालणं म्हणजे पेटीत छत्री आडवी कोंबणं. आणि मावशीची तब्येत उतरत चालली आहे. दोघी बहिणी अकरा वर्षं बोललेल्या नाहीत हे तुला ठाऊक आहे. बाबांच्या आजारपणात मावशी एक वाक्य बोलली आणि आईने दार लावून घेतलं. आता आई रोज विचारते की गाडी आपल्याकडे कधी येणार. मी विचारलं, कुठे जायचंय? तर म्हणते, कुठे नाही, सहज.

एक मार्चला गाडी मला चालू स्थितीत हवी. टाकीसकट.

माया आहे, तशीच राहील. तू अंत पाहू नकोस.
तुझी,
ताई

१६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचताना तुझा आवाज इतका स्पष्ट ऐकू आला की मी दोनदा खुर्चीत ताठ बसलो. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी तुला शिकवलं की तू त्यांना, हे मला आजवर कळलेलं नाही.

टाकी का कापतो ते ऐक. जुनी टाकी पसरट, आतून मोकळी. गाडी वळली की पेट्रोल एका कडेला धावतं. कार्ब्युरेटरला ते चालायचं, कारण त्याच्या पोटात थोडं पेट्रोल शिल्लक असतं. इंजेक्शनला पेट्रोल फवारायला जोरदार दाबाचा पंप लागतो आणि तो सतत पेट्रोलात बुडालेला हवा; पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. म्हणून टाकीच्या आत एक डबा बसवायचा आणि पंप त्या डब्यात. इंजिनाला नको झालेलं पेट्रोल दुसऱ्या नळीने डब्यातच परत येतं आणि येताना टाकीतलंही थोडं ओढून आणतं. त्यामुळे डबा भरलेला राहतो.

टाकी उतरवली, आठ दिवस पाण्याने भरून ठेवली, मग वाफ सोडून धुतली. वेल्डर म्हातारा आहे, दोन्ही भुवया शाबूत आहेत, म्हणजे सावध असणार. एकदा नाकापर्यंत पाणी भरून धुतल्याशिवाय टाकीला आच लावायची नाही, असा त्याचा नियम. आत बाबांनी डाख दिलेली एक जागा सापडली. ती तशीच ठेवायला सांगितली.

पेट्रोलच्या काट्याचा तरंगता गोळा डब्याला अडत होता, म्हणून काढला. तसाही तो काटा तीस वर्षं मेलेलाच आहे. नवा नंतर बसवीन; तोवर बाबांची लाकडी पट्टी आहेच. टाकीच्या तोंडातून बुडवायची, कितव्या खुणेपर्यंत ओली झाली ते बघायचं, आणि निघायचं.

एक मार्चला गाडी दारात उभी असेल. आईला नमस्कार. माझ्यावरचा राग थोडा तुझ्या वहिनीवरही वाटून टाक, तिनेच चहाडी केली.
तुझा,
धाकटा

६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

गाडी लावून, अर्धा कप चहा पिऊन तू पळालास. आईने डबा भरायला घेतला होता, तो तसाच राहिला. एवढी कसली घाई? माझ्या नजरेला नजर न देता किल्ली ठेवलीस, तेव्हा वाटलं की कुठे तरी पत्रा चेपला असणार. मी चारही बाजूंनी फिरून पाहिलं. चेपलेला नाही. तेव्हा संशयाबद्दल दिलगीर आहे. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

आणखी एक कबुली: गाडी किल्ली फिरवताच सुरू होते. शेजारचा घड्याळदुरुस्तीवाला रोज सकाळी माझी खटपट बघायला गॅलरीत उभा राहायचा. त्याची करमणूक गेली.

आता मुख्य बातमी. मावशीने निरोप पाठवला. मावसभाऊ म्हणाला, ती म्हणते की मी चुकले, पण ते तिच्यासमोर बसून म्हणायचंय, दुसऱ्याच्या तोंडून नाही. डॉक्टरांनी दिवसांचा हिशेब सोडून दिला आहे. आईने निरोप ऐकला आणि कपाट उघडून शाली बाहेर काढायला लागली.

उद्या सकाळी निघतो. साठ किलोमीटर जायचं, साठ यायचं. पट्टी बुडवून पाहिली, तिसऱ्या खुणेपर्यंत ओली आहे, म्हणजे दीडशे किलोमीटर कुठे गेलं नाही. मावशीलाही तुझा नमस्कार सांगते.

लोभ या महिन्यापुरता वाढवला आहे.
ताई

१३ मार्च

धाकट्यास,

मावशी गेल्याची बातमी मावसभावाने तुला दिलीच. तुझे फोन मी मुद्दाम घेतले नाहीत.

आम्ही नऊला निघालो. सव्वीस किलोमीटरवर गाडी दोनदा अडखळली आणि बंद पडली. मी किल्ली फिरवत राहिले, दहा-बारा वेळा तरी. दोन्ही बाजूंना शेतं, सावलीला एक जाहिरातीचा फलक. पहिली टॅक्सी तासाभराने आली. आईला आत बसता येईना. मी आणि चालकाने प्रयत्न केला, ती ओरडली, आम्ही थांबलो. एका दुचाकीस्वाराने बाटलीभर पेट्रोल आणून दिलं, तरी गाडी ढिम्म. शेवटी दूधवाल्याचा टेम्पो थांबला. आई नव्वदाव्या वर्षी टेम्पोच्या पुढच्या बाकावर बसली आणि मी मागे दुधाच्या कॅनांच्या मधे.

दोन वाजता पोचलो. मावशी पावणेएकला गेली होती. सकाळपासून ती दाराकडे बघत होती, असं मावसभाऊ म्हणाला. त्याने ते सांगायला नको होतं.

गाडी मेकॅनिकने ओढून नेली. त्याने टाकी उघडली आणि मला बोलावून दाखवलं. तुझा डबा बरोबर टाकीच्या तोंडाखाली आहे. पट्टी डब्यात जाते. निघताना डबा काठोकाठ भरलेला होता, म्हणून तिसरी खूण ओली. डब्याबाहेर टाकी तेव्हाच जवळजवळ कोरडी होती. उद्या टाकी रिकामी झाली तरी शेवटच्या दोन लिटरपर्यंत पट्टी तिसरीच खूण दाखवणार, असं तो म्हणाला. मी कोरड्यावर किल्ली फिरवत राहिले त्यात पंप जळला.

त्याने विचारलं, ज्याने हे काम केलं त्याच्या हे लक्षात आलं नाही? तोच प्रश्न मी तुला विचारते. हो की नाही, एवढंच लिही. नळ्यांचं वर्णन नको.

आई घरात चालत नाही, बोलत नाही. काल एवढंच म्हणाली, मी दोनदा शाल बदलली, अर्धा तास तिथेच गेला.

ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हो.

फेब्रुवारीच्या मध्यावर मीही असाच फसलो. बाजाराच्या चौकात, भर गर्दीत. निघताना पट्टी तिसऱ्या खुणेपर्यंत ओली आणि तिथे गाडी बंद. मी लगेच थांबलो म्हणून पंप वाचला. घरी येऊन टाकीत टॉर्च मारला आणि सगळं कळलं. नवा काटा मागवला, तो वेळेवर आला नाही. एक तारीख आली.

रस्ताभर ठरवत होतो की किल्ली देताना सांगायचं: ताई, पट्टीवर जाऊ नकोस, टाकी भरूनच निघ. एवढं एकच वाक्य. तू दारात उभी होतीस, कंबरेवर हात, आणि पहिलाच प्रश्न विचारलास की काय मोडून आणलंस. मग माझ्याने बोलवेना. कंपनीत पस्तीस वर्षं माणसं मला विचारून यंत्रं चालवायची. तुझ्यासमोर मी अजूनही सायकल मोडून आलेला दहा वर्षांचा असतो. तू ते नातेवाइकांत सांगशील, प्रत्येक कार्यात सांगशील, नक्कल करून सांगशील, हे मला दिसत होतं. म्हटलं, चार दिवसांनी काटा आला की स्वतः येऊन गुपचूप बसवीन. तुला कळणारही नाही.

तू त्याच आठवड्यात लांब जाशील असं वाटलं नव्हतं. हे कारण नव्हे, मला ठाऊक आहे.

आईला यातलं काही सांगू नकोस. या वयात तिला सोसणार नाही. माझी तेवढी विनंती मान.
धाकटा

२९ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. सवयीने लिहिला गेला, राहू दे.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. माझी जीभ वाईट आहे. सायकलची नक्कल मी केली होती, हसू येईपर्यंत केली होती, आणि वहिनीच्या माहेरच्या माणसांसमोर केली होती. त्या दारात मी गप्प उभी राहिले असते तर मावशी आईला भेटली असती, हे मला दिसतं. रात्रंदिवस दिसतं. पण तू बासष्ट वर्षांचा आहेस. माझ्या टोमण्याला भिऊन तू म्हाताऱ्या आईला कोरड्या टाकीवर साठ किलोमीटर पाठवलंस. माझ्या वाट्याचं मी घेते. तुझ्या वाट्याचं माझ्या पदरात टाकू नकोस.

तुझी विनंती मी मानली नाही. आई तीन आठवडे त्या शालींना दोष देत होती. मला त्या जाळून टाकायला सांगत होती. आपण दोघांनी आपली लाज झाकायची आणि तिने शाल बदलल्याचं प्रायश्चित्त घ्यायचं, हे मला जमलं नाही. रविवारी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. डबा, पट्टी, तुझा चौक, माझं दारात उभं राहणं. काही वगळलं नाही.

तिने पहिल्यांदा विचारलं की अर्धा तास आधी निघालो असतो तर? मी म्हटलं, अर्धा तास आधी बंद पडलो असतो. मग म्हणाली, धाकट्या बहिणीने अकरा वर्षांपूर्वी जे म्हटलं ते खरंच होतं, मला तिला एवढंच सांगायचं होतं. ते वाक्य काय होतं, मी विचारलं नाही.

गाडी मेकॅनिककडे आहे. पंप बसवायचा की काय करायचं ते तू ठरव. माझी पाळी मी सोडली. आई आता त्या गाडीत बसणार नाही आणि मला दुसरं कुठे जायचं नाही.

झोपायला जाताना आईने मला परत बोलावलं. म्हणाली, मला कळलंय हे धाकट्याला कळवू नकोस, तो भित्रा आहे, तोंड दाखवायचा नाही. आपण आपलं काही झालंच नाही असं वागू.

म्हणून कळवते आहे.

ताई