वळणाचे रूळ हसनभाईंकडे

रवि. ८-१२-४६
आगगाडीची बैठक आमच्याकडे. माजघरातली सतरंजी गुंडाळली, तिघांनी आपापले रूळ मांडले. सरळ रूळ दादासाहेबांचे, निम्मी वळणं माझी, निम्मी हसनभाईंची. एकट्याच्या घरी कुणाचीच गाडी फिरत नाही, म्हणून तर बैठक. छावणीतल्या गोऱ्या साहेबांनी विलायतेस जाताना सामान लिलावात काढलं, त्यातून ही चावीची खेळणी आमच्या पदरी पडली. सौ.चं म्हणणं, पोरांना हात लावू देत नाहीत ते खेळणं कसलं?

भजी झाली. हसनभाई हात धुवायला मागे गेले. तेवढ्यात दादासाहेबांनी हसनभाईंच्या हिरव्या इंजिनाला चावी दिली! आमच्यात नियम एकच: ज्याचं इंजिन, त्याचाच हात. इंजिन सुसाट सुटलं, वळणावर कलंडलं, थेट पानाच्या तबकात. धुराड्याला चुना.
ह.: "दादासाहेब, दुकानाच्या किल्ल्या मागा, देतो. पन इंजिनाला हात?"
दा.: "गाडी लेट व्हत हुती."
दादासाहेबांना रेल्वेतल्या गार्डाच्या नोकरीतून सुटून दोन वर्षं झाली. शिट्टी अजून खिशात असते, खेळातली गाडी सोडतानाही वाजवतात.
हसनभाईंचं ट्रंकांचंच दुकान. आपले रूळ नि इंजिन ट्रंकेत भरलं, कुलूप लावलं. 'येतो' म्हणाले नाहीत.

सोम. ९
पुण्याच्या वर्तमानपत्राला वार्ताहर म्हणून बातमी धाडली: तिसगावचा बाजार बरा, थंडी वाढली. खरी बातमी छापण्याजोगी नाही.

गुरु. १२
हसनभाईंच्या दुकानी. चहा मागवला, म्हणजे माझ्यावर राग नाही.
"शास्त्रीबुवा, आमी कुनाला माफी मागाया लावत न्हाई. पन इंजिनाची चावी कुठंय?"
घरी येऊन शोधली. पाटाखाली, फडताळात, तबकात. सौ. भाजी चिरता चिरता: "अहो, दादासाहेबांचा कोट बघा आधी."

शुक्र. १३
दादासाहेबांकडे. खिशात हात घातला, बराच वेळ बाहेर काढला नाही.
"हाय की. सवयीनं टाकली आसंल."
"देऊन या मग."
"त्यानं मागावी."
म्हणजे चावी यांच्या कोटात, इंजिन त्यांच्या ट्रंकेत. पाठशाळेत इतकी वर्षं न्यायशास्त्र घोकलं, घट-पटांचे वाद मिटवले. या वादाला तिथे सूत्र नव्हतं.

रवि. १५
दोघांचीच बैठक. गोल अर्धाच. दादासाहेब म्हणाले, सरळच पळवू. पळाली. उंबऱ्यावरून खाली पडली. उचलून आणली, पुन्हा पडली. तिसऱ्या खेपेला त्यांनी शिट्टी वाजवली नाही.
"भज्यात मीठ कमी हाय."
कमी नव्हतं. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता: "त्या हिरव्या इंजिनाचा आवाज लई गोड."

बुध. १८
पुन्हा ट्रंकांच्या दुकानी. निरोप वगैरे नाही, असाच. इंजिन गल्ल्याशेजारी मांडलेलं, चुना पुसलेला.
"चालत न्हाई, पन गिऱ्हाईक थांबून बघतंय."
रविवारी या, म्हटलं. त्यांनी वळणाचे रूळ फडक्यात बांधून माझ्या हाती दिले. पाहतो तो एक कमी.
"ऱ्हाऊ द्या त्यो इथं. ज्याला गोल पुरा करायचाय त्यानं न्याया यावं. नानकटाई देतो म्हनावं."
यांना दूत म्हणून मी बरा सापडलो. बिनपगारी.

रवि. २२
रूळ मांडले. एका रुळाएवढी फट. दादासाहेबांना निरोप सांगितला.
"गुडघं दुखत्यात. तेवढ्या लांब कोन जातंय?"
रोज सकाळी स्टेशनापर्यंत फिरून येतात. हसनभाईंचं दुकान त्याच्या निम्म्यावरही नाही. सौ.ने आज भजीच केली नव्हती. का, ते विचारायचं धाडस झालं नाही.
दादासाहेब फटीकडे बघत बसले. मग उठले, कोट चढवला, खिसा चाचपला.
"पाय मोकळं करून येतो."
"कुठवर?"
"बगू."
खिडकीत जाऊन उभा राहिलो. कोपऱ्यावर उजवीकडे स्टेशनचा रस्ता, डावीकडे ट्रंकांची गल्ली. तिथे थांबले. मध्येच एक बैलगाडी आडवी आली. ती सरते तोवर कोपरा रिकामा. मग शिट्टी ऐकू आली, गार्ड गाडी सोडताना वाजवतो तशी. कुठल्या बाजूने, कळेना.
सौ.: "अहो, रूळ उचला आता. पाट कुठे मांडू?"
म्हटलं, राहू द्या. आज ओट्यावर जेवू.